वाचकांचे प्रश्न : शेट्याची फसकी आणि पेठेचा कौल

गेल्या अंकात खानदेशातील जुन्या कसब्यांविषयी एक टिपण छापले होते. त्यात पाटील-कुलकर्ण्यांबद्दल भरपूर मजकूर होता, पण पेठेतल्या व्यापाऱ्यांची बोळवण दोन वाक्यांत केली होती. ही उणीव अनेक वाचकांनी पत्राने कळवली आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या घराला गावात अजूनही ‘शेट्यांचा वाडा’ म्हणतात. घरातील एका कागदावर ‘शेटेपणाचे वतन’ असे शब्द वाचता आले. आजोबा सांगत की आपले पूर्वज सरकारी अधिकारी होते. चुलते म्हणतात, छे, किराण्याचे दुकान होते. खरे कोणाचे? (एक वाचक, पारोळे)

उत्तर : दोघांचेही खरे आहे. आज आपण दुकानदार वेगळा आणि सरकारी माणूस वेगळा धरतो, पण जुन्या पेठेत शेटे हा एकाच वेळी दोन्ही असे, आणि तो दोन्ही असल्यामुळेच पेठ चालत असे.

कसबा म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण. तेथील जुने गावठाण आणि शेतीची वस्ती पाटील-कुलकर्ण्यांकडे, तर बाजाराची वस्ती, म्हणजे पेठ, शेटे-महाजनांकडे असे. गावाला जसा पाटील, तसा पेठेला शेटे. या सर्वांच्या वर परगण्याचे देशमुख आणि देशपांडे, आणि त्यांच्याही डोक्यावर सरकारने नेमलेला वसुली अधिकारी, म्हणजे कमाविसदार. कमाविसदार मात्र आज येई आणि उद्या बदलून जाई. वतनदार पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत. त्यामुळे गावात कोणाचे दुकान कोणत्या ओळीत, कोणाची ओटी कोणाच्या भिंतीला लागून, कोणाचा कोणाशी कज्जा, हे सारे शेट्याला तोंडपाठ असे आणि कमाविसदाराला त्याच्याच तोंडून कळे.

त्याचे पहिले काम बाहेरगावच्या उदम्याला पेठेत बोलावून आणणे आणि बसवणे. त्याला दुकानाची जागा नेमून द्यायची, बाजाराचा दिवस सांभाळायचा, वजनमापाची तक्रार आली तर ती ऐकायची, आणि सरकारचा मोहतर्फा, म्हणजे दुकानदार व कारागीर यांच्यावरचा कर, वसूल होताना कोणावर किती बसवायचा याची वाटणी करून द्यायची. याबद्दल त्याला रोख पगार नव्हता, हक्क होते. बाजारात धान्य विकायला बसलेल्या प्रत्येकाच्या पोत्यातून मूठभर धान्य उचलायचे, त्याला फसकी म्हणत; तेल्याकडून थोडे तेल, तांबोळ्याकडून विड्याची पाने, अशी ती बारीकसारीक मिळकत असे. आपल्या कागदात ‘हक्क, लाजिमा, मानपान’ असे शब्द एकापाठोपाठ आले आहेत का ते पाहावे. आले असतील तर त्यापुढे कोणाकडून काय घ्यायचे याची यादी बहुधा सापडेल. ती यादी म्हणजे त्या काळच्या पेठेत कोणकोणते धंदे चालत होते याचा सर्वांत प्रामाणिक दाखला होय. माझ्या मते वाड्याच्या उंचीपेक्षा आणि सनदेवरच्या शिक्क्यापेक्षा तीच अधिक मोलाची आहे.

आता ‘कौल’ हा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण खानदेशातील बहुतेक पेठा त्यावर उभ्या राहिल्या. नवी पेठ वसवायची असली किंवा उजाड झालेली पुन्हा भरवायची असली, की सरकारकडून कौलनामा निघे. येथे येऊन दुकान मांडाल तर अमुक वर्षे जकात आणि मोहतर्फा माफ, पुढे थोडा, मग चढत चढत पुरा, असे अभयवचन त्यात असे. याची गरज खानदेशाला इतर प्रांतांपेक्षा जास्त वेळा पडली. १८०२ ते १८०४ या काळात यशवंतराव होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. शेतकऱ्याचा जीव जमिनीत अडकलेला असतो, तो पहिला पाऊस पाहून परत येतो. व्यापाऱ्याचे भांडवल गाठोड्यात असते, तो जिथे निर्धास्त झोप लागेल तिथे जातो. म्हणून कमाविसदाराने पट्टी वाढवली की व्यापारी हुज्जत घालत बसत नसत, शेजारच्या परगण्यातल्या पेठेत निघून जात. आणि रिकाम्या पेठेच्या शेटेपणाला कवडीची किंमत नसते. तेव्हा कमाविसदारापुढे व्यापाऱ्यांची बाजू मांडणे आणि व्यापाऱ्यांपुढे सरकारचे येणे मांडणे, अशा दोन्ही तोंडांनी बोलण्यातच शेट्याचे पोट होते. आपल्या आजोबांना त्यातील एक तोंड ऐकू आले आणि चुलत्यांना दुसरे, एवढाच फरक.

आपल्याच गावाचे उदाहरण पाहा. पारोळे हे मूळ पन्नासेक घरांचे खेडे होते. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी त्याला तट घालून शहराचे रूप दिले आणि १७२७ च्या सुमारास भुईकोट किल्ला बांधला, असे परंपरा सांगते. किल्ला पाहायला आजही लोक येतात. पण पन्नास घरांच्या खेड्याची पेठ केवळ तटाने होत नाही. तिथे वाणी, तेली, साळी, सोनार येऊन राहावे लागतात, आणि त्यांना कोणीतरी दारोदार जाऊन बोलावून आणावे लागते.

प्रश्न : आमच्याकडील एका मोडी कागदाचे लिप्यंतर करून घेतले. तारखेच्या जागी ‘सन सबा अशर मयातैन व अलफ’ असे आहे, आणि त्याच घरातील वहीवर ‘संवत १८८१’ आहे. यांतले जुने कोणते? (एक शिक्षिका, चोपडे)

उत्तर : कागद आठ वर्षांनी जुना आहे. सरकारी कागदांत सुहूर सन लिहीत आणि तो अरबी अंकशब्दांनी, एककापासून सुरू करून मांडत. सबा म्हणजे सात, अशर म्हणजे दहा, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार, बेरीज १२१७. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या आरंभी, सुरू होई. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवले की इसवी सन येतो. तेव्हा आपला कागद १८१६-१७ चा, पेशवाई बुडण्याच्या अगदी आधीचा आहे.

वही व्यापाऱ्याची असल्याने तिचे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उघडते. कार्तिकापासून मोजलेल्या संवतातून डिसेंबरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून ५६ वजा करावेत. संवत १८८१ म्हणजे १८२४ च्या दिवाळीपासून १८२५ च्या दिवाळीपर्यंतचा काळ. एकाच गावात मामलेदाराचे वर्ष पावसाबरोबर सुरू होई आणि दुकानाचे वर्ष खरिपाचे पीक बाजारात येण्याच्या सुमारास. दोघांच्याही कामाचा हंगाम त्या त्या वेळी सुरू होत असल्याने यात नवल काही नाही, पण दोन कागद ताडून पाहताना हे विसरले तर माणूस एक वर्ष चुकतो. मीही आरंभी चुकलो आहे.

प्रश्न : माळ्यावर लाल कापडाच्या बांधणीच्या पंधरा-वीस लांबट वह्या आहेत. अक्षर मोडीही वाटत नाही. वाळवी लागते आहे. घरातले म्हणतात, रद्दीत द्या. काय करावे? (एक वाचक, एरंडोल)

उत्तर : कृपा करून देऊ नका. हे मी कळकळीने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका गावात अशाच वह्या पाहायला गेलो, तर आदल्या आठवड्यात त्या किलोवर विकल्या गेल्या होत्या. कोनाड्यात वहीच्या आकाराचा धुळीचा चौकोन तेवढा शिल्लक होता.

एक वही उजेडात, पाटावर घेऊन सावकाश उघडा. पहिल्या पानावर ‘श्री’ असेल, हळदकुंकवाचे डाग असतील, कदाचित सुपारीचा गोल ठसाही उमटलेला असेल; ती पाडव्याच्या पूजनाची खूण. पान उलटताना बोटांना बारीक वाळू लागेल. ती धूळ समजून झटकू नका. बोरूने लिहिलेली शाई टिपण्यासाठी कारकून वाळू टाकीत, आणि दीडदोनशे वर्षे मिटून राहिलेल्या घडीत ती अजून चकाकते. पानाला उभ्या घड्या पाडलेल्या दिसतील. त्या घड्या म्हणजेच रकाने, रेघ मारायची गरज नाही. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रोजच्या व्यवहाराची ती रोजकीर्द, आणि तीच नोंद ज्याच्या त्याच्या नावावर चढवली की खतावणी.

कागदही हाताने चाचपून पाहा. जाड, किंचित खरखरीत आणि घोटून गुळगुळीत केलेला असेल, तर तो हाताने बनवलेला देशी कागद. एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावे अशा जाड्याभरड्या कागदासाठी एके काळी प्रसिद्ध होती. आपली वही आपल्याच गावच्या कागदाची असण्याचा बराच संभव आहे.

अक्षराबद्दल सांगायचे तर मारवाडी व्यापारी महाजनी लिपीत लिहीत. तिच्यात काना-मात्रा सहसा देत नसत, त्यामुळे ती लिहिणाऱ्यालाच वाचता येते असे लोक म्हणत. गुजराती वाण्यांची लिपी वाणियाशाई, मराठी लाडवाणी किंवा ब्राह्मण सावकार असेल तर मोडी. दुकानाच्या ओट्यावर गिऱ्हाइकाशी बोलणे अहिराणीत होई आणि आत गादीवर लिहिणे भलत्याच लिपीत. आकडे मात्र बहुधा ओळखता येतील. रुपयांच्या अंकापुढे उभी रेघ असेल तर ती पावली, म्हणजे चार आणे. दोन रेघा म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा. बाराच्या अंकापुढे तीन उभ्या आणि दोन आडव्या रेघा असल्या, तर ती रक्कम बारा रुपये चौदा आणे. एवढे समजले की लिपी न येताही मोठे व्यवहार कोणत्या महिन्यात झाले, हे आपण स्वतः काढू शकाल.

वह्यांत मोकळ्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्या हुंड्या, म्हणजे दुसऱ्या गावी पैसे मिळवून देणाऱ्या सावकारी चिठ्ठ्या, असू शकतात. दाखवताच पैसे द्यायची ती दर्शनी, मुदतीनंतर द्यायची ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळत, वाटेत लुटणाऱ्याला ती मिळूनही निरुपयोगी. हुंडी गहाळ झाली तर दुसरी प्रत देत, तिला ‘पेठ’ म्हणत, आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या घाटांतून रोख रुपये नेणे जोखमीचे होते. हे कागद होते म्हणून खानदेशचा माल सुरत, इंदूर, मुंबईकडे जाऊ शकला.

वह्यांना कडक ऊन लावू नका, सावलीत हवा द्या, सुती कापडात सैल बांधा आणि जमिनीपासून उंच ठेवा. स्वतःकडे ठेवणे शक्य नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाशी बोला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुनी दप्तरे, घरोघर फिरून, मिनतवाऱ्या करून गोळा करीत; ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले आणि लगेच पुढच्या वर्षी ही संस्था त्यांच्या नावाने उभी राहिली.

प्रश्न : धुळे शहर कॅप्टन ब्रिग्ज याने वसवले, असे मुलांना शिकवतो. ते बरोबर आहे काय? (एक शिक्षक, धुळे)

उत्तर : अर्धे बरोबर आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आल्यावर जॉन ब्रिग्ज येथे पोलिटिकल एजंट झाला आणि त्याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले. जुन्या गावाला लागून त्याने नवी पेठ आखली, व्यापाऱ्यांना बोलावणी पाठवली, घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना तसेच नवागतांना तगाई, म्हणजे सरकारी उचलही दिली. आपल्या शहरातील सरळ, नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या त्या आखणीची आठवण देतात.

पण त्याच्याआधी पंधरा वर्षे एक माणूस होऊन गेला, त्याचे नाव मुलांना सांगायला हवे. होळकरांची लूट आणि दुष्काळ यांनी १८०३ मध्ये धुळे पूर्ण ओस पडले होते. लळिंग आणि सोनगीर हे परगणे तेव्हा पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्याकडे होते. त्यांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुढच्याच वर्षी गाव पुन्हा वसवले, गढी दुरुस्त केली, आणि त्याबद्दल त्यांना इनाम मिळाले. ब्रिग्जला ओसाड माळ मिळाला नव्हता. कोणीतरी दिवा लावून ठेवलेले गाव मिळाले होते.

आणखी एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. ब्रिग्जने जे केले ते विलायतेहून आणलेले शास्त्र नव्हते. माफीची जागा, उचल, अभय, ही सारी कलमे आपल्या कौलनाम्यातलीच आहेत. फरक पडला तो पुढे. पेठ भरल्यावर इंग्रजी सरकारला शेट्याची गरज उरली नाही. मोहतर्फा आणि गावोगावची जकात उठली, फसकी घेण्याला आधार राहिला नाही, आणि शेटेपण हे नुसते आडनाव होऊन बसले. पुढे १८५० च्या २६ व्या कायद्याखाली खानदेशच्या मोठ्या गावांत नगरपालिका आल्या, तेव्हा पेठेतले सावकार आणि मामलेदार पुन्हा एका बैठकीत बसू लागले. मात्र सभासद सरकार नेमी आणि अध्यक्ष अधिकारीच असे. १८८४ च्या कायद्यानंतर निवडणुकीला वाट मिळाली. जुना शेटे मोहतर्फ्याची वाटणी करताना ज्याची त्याची ऐपत पाही. नव्या सभासदाला तेच काम घरपट्टीच्या यादीवर करावे लागले.

प्रश्न : मामलेदार सावकाराला सामील असे, म्हणून शेतकरी बुडाला, असे ऐकतो. कितपत तथ्य आहे? (एक शेतकरी वाचक, सावदे)

उत्तर : काही मामलेदार लाच खात असतील, पण मूळ दुखणे लाचेचे नव्हते, हप्त्याचे होते. सारा रोख रुपयांत भरायचा, आणि हप्त्याची तारीख माल विकून हातात पैसा येण्याआधी पडे. मग शेतकरी सावकाराकडे जाई, सावकार रुपये मोजी, तेच रुपये संध्याकाळी कचेरीत जमा होत. मामलेदाराच्या वसुलीचा आकडा अशा रीतीने सावकाराच्या तिजोरीवर अवलंबून राही. दोघे एकमेकांना पाण्यात पाहत असले तरी हिशेबात एकमेकांचे सोयरेच होते. त्यात १८३५ मध्ये कंपनीचा एकछाप रुपया येईपर्यंत बाजारात नाना टाकसाळींची नाणी फिरत. कचेरीतला पोतदार नाणे वाजवून पाही आणि हलके ठरले की बट्टा कापी. सावकाराने दिलेला रुपया सोळा आण्यांचा, तोच पोतदाराच्या हातात काही पैशांनी उतरे. ही तूट दर वेळी शेतकऱ्याच्याच पदरी येई.

कर्ज देणारा म्हणजे वाणी-मारवाडीच, ही समजूतही दुरुस्त केली पाहिजे. पेशवाईच्या अखेरीस खानदेशच्या गढ्यांत चाकरीला असलेले अरब शिपाई जबर व्याजाने पैसे देत आणि तलवारीच्या धाकाने वसूल करीत. १८१८ साली मालेगावच्या किल्ल्यात इंग्रजांशी निकराने झुंजले ते हेच अरब. ते गेल्यावर ती जागा वहीवाल्या सावकाराने घेतली. पुढे १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेशच्या शेतकऱ्याला त्याची सावली तेव्हा मिळाली नाही. हे मला आजही अन्यायाचे वाटते.

आपण सावद्याचे आहात म्हणून एक जोड देतो. १८५२ साली जमिनीच्या नव्या सरकारी पाहणीला आपल्या भागात, फैजपुरात आणि एरंडोलात मोठा विरोध झाला, फौज आणावी लागली. पाहणी म्हणजे साऱ्याची वाढ, हे लोकांनी ओळखले होते.

प्रश्न : एरंडोल आणि पारोळे ही जुनी मातबर गावे मागे पडली आणि जळगाव पुढे गेले, ते कशामुळे? (एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : आगगाडीमुळे. १८६० नंतरच्या दोनतीन वर्षांत जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे चाळीसगाव, पाचोरे, जळगाव, भुसावळ अशी गेली आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) कापसाला सोन्याचे मोल आले. वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहणाऱ्या वाटा ज्या गावांतून जात, ती गावे रुळांपासून लांब पडली. धरणगाव आणि अमळनेर यांना ताप्ती व्हॅली रेल्वेने पुढे थोडे सावरले. एरंडोल आणि पारोळे यांना रूळ आजवर लागले नाहीत. अडत्ये आणि दलाल जळगावला गेले, १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाल्यावर पूर्व खानदेशची कचेरीही तिथेच आली. पेठ सोडून जाण्याचा व्यापाऱ्याचा जुना रिवाजच हा, या खेपेला मात्र त्यांना थांबवायला कौल देणारे कोणी नव्हते.

आपल्या घराण्याने असे स्थलांतर केले असेल आणि मूळ पेठ कोणती ते कळत नसेल, तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन त्यांची नामावळीची वही काढायला सांगा. यात्रेला गेलेला पूर्वज तिथे स्वतःच्या हाताने आपले नाव, बापाचे नाव, भावांची नावे आणि गाव लिहून गेलेला असतो. त्यात गावाच्या नावापुढे ‘पेठ’ किंवा ‘कसबे’ असे लिहिले आहे का, ते पाहा. त्यावरून आपण गावठाणातले की बाजारातले, हेही कळेल.